चित्रफलक की बोलणारे ॲप: निर्णय सर्वांनी मिळून

तोंडी बोलू न शकणाऱ्या मुलासाठी छापील चित्रफलक (ज्यावरच्या चित्रांवर बोट ठेवून मूल आपले म्हणणे सांगते, तो तक्ता) घ्यावा की आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या, मोफत आणि मराठीतही चालणाऱ्या ‘जेलो’सारखे, चित्राला स्पर्श करताच शब्द मोठ्याने उच्चारणारे ॲप, हे वाचा-उपचारतज्ज्ञाने एकट्याने ठरवू नये. ॲपमुळे फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या बाईंनाही मुलाची हाक ऐकू जाते. फलकाला मात्र चार्जिंग लागत नाही आणि लॅमिनेट केला तर तो आंघोळीच्या वेळीही हाताशी ठेवता येतो. फलकावर ‘पाणी’, ‘शू’ एवढेच असून ‘नको’, ‘थांब’, ‘आजी कुठे?’ नसेल, तर तो अपुराच होय, आणि ही भर आई, आजी व शिक्षिका यांनीच सुचवायची असते. माझ्या मते दोन्ही ठेवावेत, दोन्हींवर चित्रांची जागा शक्यतो सारखी असावी, आणि मूल बोट ठेवेपर्यंत मोठ्यांनी थांबावे.