तोंडी लावायच्या भाज्या: एअर फ्रायर की तवा?

एअर फ्रायर घ्यायचा विचार चाललाय त्यांना आधी एक सांगते, नाव फ्रायर असलं तरी त्यात तळलं वगैरे काही जात नाही. वर कॉइल असते, तिच्या वर पंखा, तो गरम हवा जोरात फिरवतो, म्हणजे छोटा ओव्हनच की. हे एकदा लक्षात आलं की कुठली भाजी त्यात जमणार आणि कुठली नाही ते बरंचसं आपोआप कळतं.

कुरकुरीत भेंडीला माझं मत डोळे झाकून फ्रायरला. धुवून अगदी कोरडी पुसायची, उभी चिरायची, चमचाभर तेल, हळद, तिखट, 180 ला 12 ते 15 मिनिटं, मधे एकदोनदा बास्केट हलवायची आणि मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. तव्यावर हेच करायचं तर तेल सढळ हाताने घालावं लागतं, वर उलथनं घेऊन तिथेच उभं राहा, आणि जरा जास्त ढवळलं की तार सुटलीच. कारल्याच्या काचऱ्या पण अशाच मस्त होतात, मीठ लावून पिळून घ्यायच्या, फक्त साखर घालत असाल तर बाहेर काढल्यावर घाला, आत जळते.

काप मात्र वेगळं प्रकरण आहे. वांग्याचे, सुरणाचे, कच्च्या केळ्याचे काप आपण रवा नि तांदळाच्या पिठात घोळवून कडेने तेल सोडत करतो आणि तो रवा तेलातच खमंग होतो. फ्रायरमधे कोरडा रवा पांढरा राहतो, दाताखाली कचकच लागतो, मग दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावावंच लागतं. वांगं तव्यावर तेल पितं म्हणून त्याचं तरी फ्रायरमधे तेल थोडं वाचतं, सुरणाला फारसा फरक पडत नाही (आणि खाज जायला चिंचेचं किंवा कोकमाचं पाणी लागतंच, यंत्र कुठलंही असो). शिवाय 4 लिटरच्या बास्केटमधे एका थरात मोजकेच काप बसतात, एकावर एक रचले की वाफेने मऊ पडतात. घरात पाचसहा माणसं जेवायला असतील तर तीन घाण्यांत पहिला घाणा गार. तवाच बरा.

फोडणीची भाजी, म्हणजे कोबी, फरसबी, मेथी, यांच्यासाठी कढईच. मोहरी तडतडून हिंगाचा वास सुटणं हे गरम हवेचं काम नाही. पालेभाजी तर पंख्याने उडून थेट कॉइलला जाऊन चिकटते, आणि भज्यांचं ओलं पीठ जाळीतून खाली गळतं, त्या भानगडीत पडूच नका.

भरताचं वांगं अधलंमधलं. टोचे मारून, तेलाचा हात लावून 200 ला 20-25 मिनिटं ठेवलं की छान मऊ होतं, शेगडी खराब होत नाही, पण आचेवर भाजल्याचा तो धुरकट वास येत नाही तो नाहीच. मला त्या वासाशिवाय भरीत चालत नाही, तुमचं बघा.

विजेची लोक उगाच काळजी करतात. 1400 वॅटचा फ्रायर 15 मिनिटं चालवला तर फार तर 0.35 युनिट जातं. खरा प्रश्न ओट्यावर जागा आहे का, आणि जाड पिनचा प्लग असेल तर तिथे 16 अँपियरचं सॉकेट आहे का. बास्केटला नॉनस्टिक कोटिंग असतं, तारेची घासणी लागली की संपलं, भांड्याला मावशी येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. घरात पंखावाला ओटीजी (म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर नवा खर्च करूच नका, जरा जास्त वेळ लागेल इतकंच.

दोघंच असाल, संध्याकाळी दमून येऊन वरणभाताचा कुकर लावत असाल, तर मात्र घ्या. कुकर होऊन वाफ जिरेपर्यंत भेंडी तयार होते, मधे एकदोनदा बास्केट हलवली की झालं, तिथेच उभं राहावं लागत नाही. आणि घेताना नुसते लिटर बघू नका, तळ किती पसरट आहे ते बघा, चौकोनी बास्केटमधे काप जास्त बसतात.