चेहरा टिपायचा की नुसता आवाज?

विस्थापितांवर किंवा दंगलीत होरपळलेल्या वस्तीवर माहितीपट करायला निघालात, तर हे पहिल्या शूटिंगआधीच ठरवा. ‘एडिटिंगला बसल्यावर बघू’ म्हणून चालत नाही.

चेहऱ्याची ताकद मोठी. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेल्या एका सिंधी आजींचं मी चित्रण करत होते. गावाचं नाव घेण्याआधी त्या थांबल्या, ओठ आवळले आणि खिडकीकडे बघत राहिल्या. नुसत्या आवाजात तिथे शांतता ऐकू येते, बाकी काही नाही. आज कुणाचं भय नाही आणि आपलं सांगणं नावानिशी नोंदलं जावं असं ज्यांना वाटतं, त्यांना खुशाल कॅमेऱ्यासमोर बसवा.

पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलांचं तसं नाही. २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. मुलं इथे, घरचे तिथे. इथे दिसलेला चेहरा तिथल्या बहिणीला भोवू शकतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथला मुक्कामही व्हिसाच्या तारखेवर. त्यांचा फक्त आवाज घ्या.

‘शूट करून नंतर ब्लर करू’ हा मधला मार्ग मला अजिबात पटत नाही. ब्लर असतो तयार फिल्ममध्ये. हार्ड डिस्कवर मूळ चेहरा तसाच राहतो. मागून उजेड देऊन काळी आकृती घेतली, तरी एडिटिंगमध्ये उजळली की नाकडोळे वर येऊ शकतात. शिवाय पुसट चेहरा आणि घोगरा केलेला आवाज, यांमुळे सोसलेला माणूसच आरोपीसारखा दिसतो. लपवायचा असेल तो चेहरा टिपूच नका. हात घ्या, दारातल्या चपला घ्या.

बलात्कारपीडितेच्या बाबतीत तर तिच्या लेखी परवानगीशिवाय ओळख उघड करणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ वाचून ठेवा.

आवाजाचं काम स्वस्तात होतं. फक्त माइक ओढणीखाली लावू नका, प्रत्येक हालचालीची खसखस येते. पण आवाजानेही माणूस ओळखला जातो. कॉलेजचं नाव, भावंडं किती, हे कापा आणि रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, बोलणाऱ्यांना दाखवाच. एका मुलीने तो शांतपणे पाहिला. बोलणं सगळं राहू दे म्हणाली, फक्त मध्येच वाजलेली फोनची रिंगटोन काढ. ती रिंगटोन तिच्या घरी सगळ्यांच्या ओळखीची होती.