ॲडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक: पुण्यात बसून फोटो विकण्याचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ॲडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक या तयार फोटो विकणाऱ्या साइटवर फोटो विकत घेणारा माणूस लेखाला, जाहिरातीला किंवा प्रेझेंटेशनला लावायला काहीतरी शोधत असतो. पर्वतीवरून टिपलेला सूर्यास्त कितीही छान असला तरी सूर्यास्तांची तिथे आधीच रास पडली आहे. स्टीलच्या डब्यातली पोळी-भाजी, गॅसचा रेग्युलेटर बंद करणारा हात, हिंजवडीतल्या ऑफिससारखं दिसणारं टेबल, खिडकीत वाळत घातलेले मास्टरशेफी थाट नसलेले साधे सांडगे-पापड, अशा विषयांना गर्दी कमी आणि उपयोग जास्त. दोन्ही साइट वापरल्यावर सगळ्यात पक्कं झालेलं मत हेच. आणि दुसरं असं की निम्मं काम कॅमेऱ्याबाहेरचं आहे.

नोंदणी फुकट आहे, वय १८ पूर्ण हवं. नाव पॅन कार्डावर आहे अगदी तसंच टाका, कारण पुढे कर आणि पैसे त्याच नावावर जुळवले जातात.

फाइल जेपेग, एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणि किमान ४ मेगापिक्सेलची लागते. कमाल आकार ॲडोबीला ४५ एमबी, शटरस्टॉकला ५० एमबी. २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आणि १८-५५ची किट (कॅमेऱ्यासोबत येणारी) लेन्स भरपूर झाली. मोबाइलही चालतो, पण दिवसाउजेडी आणि मुख्य लेन्सवरच. डिजिटल झूम आणि नाइट मोडमध्ये बारकावे पुसट होतात, तर पोर्ट्रेट मोड केसांच्या आणि भांड्यांच्या कडा खातो. १०० टक्के झूमवर ते लगेच दिसतं, आणि तपासणारे तसंच पाहतात. लहान फाइल ओढून मोठी करून पाठवू नका.

घरच्या जेवणाचे फोटो ही सुरुवातीला सर्वांत सोयीची जागा. उत्तरेकडची खिडकी, ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००, लेन्सचं छिद्र एफ ८, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा. पार्श्वभूमीसाठी अप्पा बळवंत चौकातून मोठे कार्डशीट आणा, मात्र चकचकीत नको. मिसळीचा फोटो वाटतो तितका सोपा नाही. तर्रीवर उजेड सरळ पडला की पांढरे डाग येतात आणि तिथला तपशील कायमचा जातो. वाटी अशी फिरवा की उजेड मागून तिरका येईल, मग थर्माकोलने पुढची सावली उचला. सगळी मांडणी आणि फोकस आधी बघून घ्या, शेव शेवटी घाला, कारण ती रश्शात लगेच मऊ पडते. एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा ठेवून एक आडवा आणि एक उभा फोटो घ्या. एकाच ताटाचे दहा जवळजवळ सारखे फोटो पाठवले तर ‘सारखे फोटो’ म्हणून परत येतात. कोन, अंतर किंवा कृती खरोखर बदलली असेल तरच दुसरा पाठवा.

मंडईत किंवा तुळशीबागेत दिव्यांखाली काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे येतात, त्याचं कारण वीज. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

आता हक्कांचं प्रकरण. व्यावसायिक वापरासाठीच्या फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची सही असलेला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी संमती, लागतो. त्यावर साक्षीदाराची सही हवी आणि मूल १८ वर्षांखालचं असेल तर पालकाची. घरच्या आजींनाही यातून सूट नाही. सही घेण्याआधी त्यांना मराठीत नीट समजावून सांगा की फोटो कुठेही, कुठल्याही जाहिरातीत दिसू शकतो. एवढं सांगणं आपलं कर्तव्य आहे. नुसते हात सहसा रिलीजशिवाय चालतात, पण हातावर ओळखू येईल असं गोंदण असेल तर चालत नाहीत. कुकरच्या झाकणावरचं कोरीव नाव, मिक्सरचा लोगो, शेगडीवरचं स्टिकर, मागे पडलेलं वर्तमानपत्र हे सगळं फोटो काढण्याआधीच हलवा. नंतर खोडत बसण्यात फार वेळ जातो.

गणेशोत्सवातली मिरवणूक, पालखी, लक्ष्मी रोडवरची गर्दी हे फक्त ‘एडिटोरियल’ म्हणून, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमी-लेखासाठी, द्यायचं: चेहरे असतात, प्रायोजकांचे फलक असतात, मूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती असते. यासाठी शटरस्टॉक बरा. तिथे मथळ्यात शहर, राज्य, देश, मग डॅश, फोटोची तारीख, अपूर्णविराम आणि वर्णन असा ठरलेला क्रम लागतो. तारीख चुकली तर फोटो नाकारला जातो, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. एडिटोरियल फोटोतली विजेची तार खोडायची नाही. कातरणं आणि उजेड सुधारणं चालतं. ॲडोबीचा एडिटोरियल विभाग ब्रँड आणि वस्तूंपुरता आहे, मिरवणुकीतल्या माणसांसाठी नाही. शनिवारवाड्यात ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

कीवर्ड, म्हणजे ग्राहक ज्यांनी फोटो शोधतो ते शब्द, ही खरी मेहनत. ॲडोबीत ४९ पर्यंत देता येतात आणि पहिल्या दहांना जास्त वजन असतं. शटरस्टॉकला किमान ७, कमाल ५०, इंग्रजीतून. ‘मिसळ’ द्याच, पण परदेशातला ग्राहक तो शब्द टाकणार नाही. त्याच्यासाठी भारतीय नाश्ता, मोड आलेली कडधान्यं, तिखट रस्सा, शाकाहारी यांचे इंग्रजी शब्द हवेत. फोटोत नसलेली गोष्ट मात्र लिहू नका. हे सगळं डिजिकॅम या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइलच्या आतच लिहून ठेवलं की दोन्ही साइट ते आपोआप उचलतात, दुबार टायपिंग वाचतं.

दिवाळीचा फराळ दिवाळीत टाकून उशीर होतो. जाहिरातीची कामं आधी सुरू होतात, म्हणून ते फोटो श्रावणापर्यंत साइटवर असावेत.

पैशांचं गणित समजून मगच उतरा. ॲडोबी फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के आपल्याला देते. शटरस्टॉकवर सुरुवात १५ टक्क्यांपासून, १०१व्या डाउनलोडपासून २० टक्के, पुढे चढत ४० पर्यंत, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. सबस्क्रिप्शनमधल्या एका डाउनलोडला तिथे १० सेंटही मिळू शकतात. त्यामुळे पहिली बॅच ॲडोबीला, जम बसल्यावर तीच शटरस्टॉकला, असा क्रम योग्य वाटतो. थोड्या फोटोंवर महिन्याचा खर्च निघेल ही अपेक्षा ठेवू नका. कुठल्याही साइटशी सुरुवातीलाच ‘एक्सक्लुझिव्ह’ (फोटो फक्त तिलाच देण्याचा) करार करून हात बांधूनही घेऊ नका.

पहिल्या कमाईआधी डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरा. त्यात भारत निवडून भारत-अमेरिका कर करार लागू करून घेतला आणि पॅन दिला की अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. हा फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो, तेव्हा नवा भरावा लागतो. ॲडोबीत २५ डॉलर जमल्यावर आणि पहिल्या विक्रीला ४५ दिवस झाल्यावर पैसे मागता येतात. बटण आपण दाबायचं असतं. पेपॅल ही ऑनलाइन पैसे पाठवणारी सेवा ते रुपयात बदलून बँकेत टाकतं, पण स्वतःच्या दराने, त्यामुळे वारंवार थोडे-थोडे काढू नका आणि पेओनियर या तशाच दुसऱ्या सेवेचे शुल्क शेजारी ठेवून तुलना करा. कापलेल्या कराची नोंद जपून ठेवा, विवरणपत्र भरताना सीएला ती लागते.