खुरात पू धरलेल्या घोडीसाठी औषधी बूट: श्रावणापासून माघापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो: घ्या. तबेल्यात एकच घोडा असला तरी खुरावर चढवायचा औषधी बूट घरात असावा, असं माझं मत आता पक्कं झालंय. फक्त एक गोष्ट समजून घ्या. बुटाने पू निघत नाही. तो निघतो डॉक्टरांच्या किंवा जाणत्या नालबंदाच्या सुरीने. बूट सांभाळतो ते त्यानंतरचे दिवस, आणि खरी कटकट त्याच दिवसांत असते.

आम्ही माथेरानचे. इथे मोटारींना बंदी, त्यामुळे घोड्याचा पाय म्हणजे आमचं पोट. रस्ते लाल जांभ्याचे. उन्हाळ्यात खडे टोचतात, पावसाळ्यात सगळा चिखल. सतत ओलाव्यात राहून खूर मऊ पडतो, तळवा आणि खुराची भिंत जिथे जुळतात ती पांढरी रेघ सैल होते आणि तिच्यातून बारीक खडा, माती आत जाते. मागून ती वाट बुजते, पू आत कोंडतो. खूर कडक, त्याला फुगायला जागा नाही, म्हणून कळा भयंकर. नालेचा खिळा जरा आत लागला तरी हाच प्रकार होतो.

आमच्या तारा घोडीचं श्रावणात असंच झालं. संध्याकाळी चंदी खाऊन नीट उभी होती, सकाळी पुढचा डावा पाय टेकायला तयार नाही. नुसतं खुराचं टोक जमिनीला लावून उभी. अशा वेळी बघणाऱ्याला हाड मोडल्यासारखंच वाटतं. पण खूर हाताला गरम लागत होता, आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवली तर नाडी ठणठण उडत होती. निरोगी पायाला ती जेमतेम सापडते. ही नाडी बघायला प्रत्येक घोडेवाल्याने शिकावं. रोज खरारा करताना बोटं लावून ठेवली की फरक लगेच कळतो.

डॉक्टरांनी नाल काढली, चिमट्याने तळवा दाबत दाबत जागा शोधली. एका ठिकाणी दाबल्याबरोबर घोडीने पाय ओढला. तिथे सुरीने थोडंसं कोरलं आणि काळपट, पातळ, घाण वासाचा पू बाहेर आला. भोक किती, तर करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं. ते मोठं करायचं नसतं, उगाच तळवा कोरला तर तो भरून यायला फार वेळ लागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, ते चुकवू नका. अँटिबायोटिक मात्र दिलं नाही. पू वाहता झाला आणि दुखणं खुरापुरतंच असलं तर सहसा त्याची गरज नसते, असं त्यांनी समजावलं. दुखण्यावरचं औषधही त्यांच्याच हिशेबाने दिलं.

आता बुटाकडे येतो. पहिले काही दिवस आमचं काम चाललं ते लहान मुलांचा डायपर आणि रुंद चिकटपट्टी यांवर. ही युक्ती जुनी आहे आणि चांगलीही आहे. पण ओल्या खुरावर पट्टी चिकटत नाही. टाचेकडून ती सुटते, आत शेण-मूत जातं, आणि रात्री पाऊस धरला की सकाळी सगळा लगदा. दुखरा पाय वर धरून पट्टी गुंडाळायची तर घोडीला त्रास आणि धरणाऱ्यालाही. तेव्हा बूट मागवला: जाड तळाचा, वर कापड आणि चरचर उघडणारे पट्टे असलेला. किंमत आमच्यासारख्याला जड वाटते. तरी दर वेळी फुकट जाणाऱ्या पट्ट्यांचा हिशेब केला तर पटते.

माप नाल काढून, खूर तासल्यावर घ्यायचं. लांबी आणि रुंदी दोन्ही, मिलिमीटरमध्ये. आत ड्रेसिंगचा कापूस येणार, म्हणून थोडा सैल घ्या, पण फार सैल घेतला तर तो पायावर फिरतो. नाल असलेल्या पायात घालूच नका, कडेने तळ कापला जातो.

आमची पद्धत अशी बसली. सुरुवातीला दिवसातून दोनदा कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळवून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवायचा. पाणी आपल्या कोपराला सोसेल इतकंच गरम. मग खूर कोरडा पुसून, भोकावर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा, वर कापूस, वर बूट. पू थांबला की भिजवणं बंद. खूर जास्त दिवस भिजवत ठेवला तर पुन्हा तोच मऊपणा येतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यानंतर फक्त कोरडं ड्रेसिंग.

बुटात काय खटकलं, तेही सांगतो. आत घाम धरतो. सकाळ-संध्याकाळ काढून, खूर वाळवून, बूट उलटा टांगायचा. दोन असते तर सोपं गेलं असतं. टाचेच्या मऊ भागावर कड घासते, म्हणून तिथे कापसाचा पट्टा गुंडाळायचा. पट्ट्यांत लाल माती बसली की ते धरत नाहीत, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावे लागतात. आणि ओल्या जांभ्यावर तळ सरकतो, म्हणून आम्ही तो तबेल्यापुरताच ठेवला. बूट घालून कामाला नेणं तर सोडूनच द्या. शिवण मात्र अजून शाबूत आहे.

पू निघाल्यावर दोन-तीन दिवसांत घोडी पाय टेकायला लागली पाहिजे. नाही टेकला तर घरी प्रयोग नकोत, एक्स-रे काढा; संसर्ग खुराच्या हाडापर्यंत गेलेला असू शकतो. तळव्यात खिळा रुतलेला दिसला तरी शक्यतो ओढून काढू नका. तो कुठवर गेलाय हे डॉक्टरांना तसाच असताना नीट दिसतं. आमच्याकडे घाईने खिळा उपटायची सवय फार आहे, म्हणून हे जोर देऊन सांगतोय.

ताराचा थोडा पू वरूनही फुटला होता, जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो तिथून. तिथे आडवी भेग पडली. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे ती भेग हळूहळू खाली सरकते. आता माघात ती निम्म्याच्या पुढे उतरली आहे. आमचा नालबंद तिच्यावर खिळा येऊ देत नाही. घोडी दिवाळीच्या आधीपासून कामावर आहे, आधी हलकी ओझी, मग स्वारी.

बूट आता धुऊन, वाळवून कापसासोबत डब्यात ठेवलाय. पावसाळ्याच्या आधी दुसरा घेणार आहे, मागच्या पायासाठी. मागचा खूर पुढच्यापेक्षा अरुंद आणि टोकदार असतो, तेव्हा एकाच मापात दोन्ही भागतील असं समजून मागवू नका.