टेक्स्ट एडिटरमधले बग: लॉग फाइल की डीबगर?

टर्मिनलवर चालणारा छोटा एडिटर सी भाषेत लिहिताना बग शोधायला लॉग (प्रोग्रॅमने स्वतः लिहिलेल्या नोंदी) बरा की जीडीबी (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत पाहू देणारा डीबगर), यात बरेच जण अडकतात.

मांडणीला लॉगच सोपा. मात्र प्रिंटएफ (सीमधलं छापायचं फंक्शन) थेट स्क्रीनवर नको: रॉ मोडमध्ये, म्हणजे टर्मिनल स्वतः काही प्रक्रिया न करता बाइट जसेच्या तसे देतं-घेतं तेव्हा, ओळी जिन्यासारख्या सरकतात आणि चित्र विस्कटतं. एडिटर स्टडआउटवर (नेहमीच्या आउटपुटवर) रंगवत असेल तर संदेश स्टडएररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) लिहा, ते फाइलकडे वळवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये टेल (फाइलचा शेवट दाखवणारी कमांड) लावून वाचा. स्वतः फाइल उघडलीत तर प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश (बफरमध्ये साठलेलं लगेच लिहून टाकणारं फंक्शन) हवंच. नाहीतर क्रॅश होताना शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या त्या ओळी बफरसोबत जातात. जीडीबीही दुसऱ्या टर्मिनलमधूनच जोडावा. उबुंटूवर त्याला बहुधा सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लागतं. कंपाइल करताना डीबग माहिती चालू, ऑप्टिमायझेशन बंद.

वेळेवर अवलंबून असलेल्या बगांत डीबगर चक्क दिशाभूल करतो. वरचा बाण दाबला की सहसा एस्केप, चौकटी कंस आणि ए असे तीन बाइट येतात. डीबगरमध्ये मध्येच थांबलात तर ते एव्हाना येऊन पडलेले असतात, टाइमआउटची (पुढच्या बाइटची किती वाट पाहायची, याची) चूक दिसतच नाही. कर्सर चुकीच्या जागी जातो तेव्हाही लॉग पुरे: बाइट आणि स्तंभ शेजारी छापा. यूटीएफ-८ मध्ये 'कि' म्हणजे सहा बाइट, दोन कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक), पण दिसायला एकच अक्षर.

मेमरी बिघडली असेल तर मात्र लॉग म्हणजे अंधारात चाचपडणं. ओळीची लांबी कोण बदलतं हे जीडीबीचा वॉचपॉइंट (एखाद्या व्हेरिएबलवर ठेवलेली पाळत) बदलाच्या क्षणीच दाखवतो. मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्य बाइटसाठी जागाच न घेणं ही नेहमीची चूक. तिथे आधी अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून पाहा.

थोडक्यात कीबोर्ड, कर्सर, स्क्रीन यांसाठी लॉग. क्रॅश आणि बिघडलेल्या बफरसाठी जीडीबी.