गिटमधील ‘ओरिजिन/मेन’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या द्राक्ष हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये पेट्यांची लेबले छापणारा आमचा प्रोग्राम मी बसवून आलो आणि दुसऱ्याच दिवशी निव्वळ वजन चुकीचे छापले जात असल्याचा फोन आला. ही चूक सहकाऱ्याने मी निघण्याच्या आदल्या दुपारीच दुरुस्त करून पुश केली, म्हणजे सर्व्हरवर पाठवली होती. कोडमधील बदलांची नोंद आम्ही गिट या प्रणालीत ठेवतो. नाशिकहून निघण्यापूर्वी मी ‘गिट स्टेटस’ या आज्ञेने सद्यस्थिती पाहिली होती आणि माझी ब्रँच (कोडची शाखा) ‘ओरिजिन/मेन’शी अद्ययावत असल्याचे त्याने स्पष्ट सांगितले होते. पेट्रोल आणि अर्धा दिवस पुन्हा खर्ची पडला, याचा राग मला बरेच दिवस होता.

‘ओरिजिन/मेन’ म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच नव्हे. ती सर्व्हरवर शेवटची कुठे दिसली, याची आपल्याच संगणकावर ठेवलेली खूण आहे. फेच (सर्व्हरवरचे बदल आणणे), पुल (ते आणून आपल्या ब्रँचमध्ये मिसळणे) किंवा पुश केल्यावरच ती सरकते. स्टेटस सर्व्हरला काहीही विचारत नाही.

हा मी सरळसरळ दोष मानत होतो. मात्र पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना कसारा घाटात मोबाइलची रेंज गेली, तेव्हा निघण्यापूर्वी फेच केलेले सहकाऱ्याचे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) मला लॉग (बदलांची यादी) आणि डिफमध्ये (आधी-नंतरचा फरक) निवांत तपासता आले, आणि ही रचना योग्यच आहे हे मी मान्य केले. तक्रार उरली ती स्टेटसच्या ‘अद्ययावत’ या वाक्याबद्दल. शेवटचे फेच कधी झाले, एवढे तरी त्याने सांगायला हवे. आज ती वेळ पाहण्यासाठी मला ‘.गिट’ फोल्डरमधील ‘फेच_हेड’ फाइलची तारीख पाहावी लागते.

यावर उपाय म्हणून एडिटरमधील आपोआप फेच मी आठवडाभर चालू ठेवले आणि नंतर बंद केले. ‘फोर्स-विथ-लीज’ने, म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच आधी तपासून मगच बदलणाऱ्या पर्यायाने, पुश करताना गिट ती ब्रँच याच खुणेशी ताडून पाहते; आपोआप फेचमुळे खूण आपल्या नकळत पुढे सरकली, तर सहकाऱ्याचे न पाहिलेले काम पुसले जाण्यापासूनचे संरक्षणच जाते. 2.30 आवृत्तीपासून ‘फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ हा पर्याय त्यासाठीच आला आहे आणि तो जोडीला वापरावा. सर्व्हरवरून काढलेल्या ब्रँचच्या खुणाही आपोआप जात नाहीत, पण ‘फेच.प्रून’ ही सेटिंग एकदा चालू केली की तो प्रश्न मिटतो.

आता ग्राहकाकडे निघण्यापूर्वी मी आधी फेच करतो आणि मगच स्टेटस वाचतो.