दोनच नवीन टायर घेताय? जोडी पुढे लावावी की मागे

चारही टायर एकदम बदलायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला, बदलून टाका. पण बहुतेक घरांत तसं होत नाही. पुढचे दोन घासून नक्षीतल्या झिजेच्या खुणेपाशी आलेले असतात, मागच्यांत अजून एखादा पावसाळा निघेल असं वाटत असतं, खिशाला दोनच परवडत असतात. मग टायरच्या दुकानात गाडी जॅकवर चढता चढता ठरवायची वेळ येते की ही नवी जोडी बसवायची कुठे.

मी दोन्ही करून पाहिलं आहे, तेही एकाच गाडीवर, एकाच पावसाळ्यात आणि त्याच चार टायरांवर. गाडी छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी (इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना मिळतो अशी), एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) दोन्ही असलेली. रस्ता नेहमीचा, पुण्याहून चिपळूण: खंबाटकी, सातारा, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास खोल होती, जुन्या जोडीची तीनच्या आसपास. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर चालते, म्हणजे जुनी जोडीही नियमात बसत होती. माझ्याकडे चाचणीचा ट्रॅक नाही की यंत्रं नाहीत. जे सांगतोय ते सीटवर बसून जाणवलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी पुढे लावल्याचा अनुभव. आपल्याकडे दुकानदार बहुधा न विचारताच नवी जोडी पुढे लावतो. माझ्याही बाबतीत तेच झालं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे. मग नवीन टायर मागे लावून करायचंय काय?" त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. ओल्या सरळ रस्त्यावर गाडी खरोखरच चटकन थांबायला लागली. चढावर निघताना चाक जागच्या जागी फिरायचं बंद झालं. सातारा रस्त्यावर पाणी साचलेल्या पट्ट्यांतूनही स्टिअरिंग भक्कम राहायचं. पहिले पंधरा-वीस दिवस मी अगदी समाधानी होतो, आणि तिथेच थांबलो असतो तर आज तुम्हालाही पुढेच लावा म्हणालो असतो.

मग एकदा आईला घेऊन चिपळूणहून परत येत होतो. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडलं की लगेच उतार लागतो आणि उतारावरच ते एस आकाराचं वळण. या रस्त्याने जाणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. बोगद्यात रस्ता जवळपास कोरडा, बाहेर धो धो पाऊस. वेग साठच्या आसपास. पुढच्या चाकांनी वळण असं घट्ट धरलं होतं की हाताला कसली म्हणून शंका येत नव्हती. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. एवढंच केलं. ब्रेकला पाय लागलासुद्धा नव्हता. तेवढ्यात सीट पाठीखालून बाजूला सरकल्यासारखी वाटली. गाडीचं नाक वळणाच्या आत आणि मागचा भाग बाहेर. डॅशबोर्डवर नागमोडी रेषांवरच्या गाडीचा तो पिवळा दिवा लुकलुकला, पुढच्या चाकापाशी कर्रर्र आवाज झाला आणि गाडी पुन्हा सरळ झाली. सगळं मिळून एखादा सेकंद. मागे डुलकी लागलेली आई जागी झाली आणि म्हणाली, "काय रे, आडवं आलं का काही?"

आडवं काही आलं नव्हतं. पाय उचलल्यावर वजन पुढे सरकलं, मागची चाकं हलकी झाली, आणि त्यांच्या तीन मिलिमीटर नक्षीला तेवढं पाणी बाहेर टाकणं जमलं नाही. पुढची नवी चाकं मात्र रस्ता धरून होती. पुढे धरलेलं आणि मागे सुटलेलं असलं की गाडी स्वतःभोवती फिरू पाहते.

माझा निर्णय झाला तो या एका गोष्टीवर, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडी घसरली याची जेवढी भीती वाटली, त्याहून जास्त टोचलं ते हे की तिने आधी काहीच सांगितलं नाही. आपल्या हातात स्टिअरिंग असतं आणि ते फक्त पुढच्या चाकांची खबर देतं. पुढचे टायर कमकुवत असतील तर स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी वळणाच्या बाहेर बाहेर जायला लागते, आणि आपला पाय आपोआप वर येतो. तो वर आला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि बहुतेक वेळा गाडी पुन्हा वळण धरते. म्हणजे घाबरून जे सहज हातून घडतं, तेच इथे उपयोगी पडतं. मागचं चाक सुटतं तेव्हा याच्या बरोब्बर उलट होतं. ते सुटेपर्यंत हाताला काही कळत नाही, आणि कळल्यावर घाबरून पाय उचलला किंवा ब्रेक मारला की गाडी आणखी फिरते. त्यातून सावरायला स्टिअरिंग उलट दिशेने, नेमकं हवं तेवढं आणि लगेच वळवावं लागतं. हे आपल्यापैकी कितीजणांना शिकवलेलं असतं? मला तरी नव्हतं.

वर नव्या टायरांमुळे पुढची पकड चांगली झालेली, म्हणून मी नकळत नव्या टायरांच्या वेगाने चालवत होतो. मागची जोडी मात्र जुन्याच वेगाच्या लायकीची होती.

त्या दिवशी ईएससीने वाचवलं, यात मला शंका नाही. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय याचा मेळ ती सतत घालत असते. मागचा भाग बाहेर जायला लागला की ती बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते आणि गाडीला उलटा पीळ देते. तो कर्रर्र आवाज त्याचाच. १९९५ साली ही यंत्रणा मर्सिडीझच्या महागड्या गाडीत पहिल्यांदा आली. आता भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर ती असावीच लागते, त्यामुळे छोट्या गाड्यांतही मिळू लागली आहे. पण ईएससी शेवटी टायरकरवीच काम करते. चाक पाण्याच्या थरावर तरंगत असेल तर त्याला ब्रेक लावून उपयोग शून्य. आणि तुमच्या गाडीत ती नसेल, रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांत अजून नाही, तर माझ्या जागी तुम्ही असता तेव्हा तो एक सेकंद कसा गेला असता याचा विचार करा. मी पुष्कळदा केला आहे.

त्यानंतर महिनाभर त्याच मांडणीत गाडी चालवली. ओल्या उतारावर वळण आलं की माझा डोळा त्या पिवळ्या दिव्याकडे. कुंभार्लीत तो आणखी दोनदा लुकलुकला. वैताग आला. शेवटी दुसऱ्या एका दुकानात जाऊन पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेतले.

आता मागे लावल्याचा अनुभव, आणि इथेही सगळं गोड नाही. पहिलाच त्रास कुंभार्ली चढताना झाला. वळणावर एसटी अडकलेली, आम्ही सगळे तिच्यामागे चढावर उभे. रस्ता ओला, कडेला वाहून आलेली लाल माती. क्लच सोडला तसं पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, ट्रॅक्शन कंट्रोलने इंजिनाचा जोर खाली आणला आणि गाडी मरगळल्यासारखी निघाली. मागचा हॉर्न वाजवायला लागला. नवी जोडी पुढे असताना हे एकदाही झालं नव्हतं. दुसरं म्हणजे, सरळ रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थोडी उशिरा थांबते असं मला जाणवलं. नक्की किती ते सांगता येणार नाही, पण पुढच्या गाडीपासूनचं अंतर मी वाढवलं हे खरं. आणि साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग लवकर हलकं पडू लागलं.

पण हे सगळं मला आधी कळत होतं, आणि ते माझ्या हातात होतं. खंबाटकीच्या त्याच वळणावर, तशाच पावसात, पुढचा भाग जरासा बाहेर सरकल्यासारखा वाटला. पाय उचलला, गाडी आपल्या रेषेत आली. दिवा लुकलुकला नाही. आई त्याही वेळी मागेच बसली होती, जागी झाली नाही.

दुकानदाराचा आणखी एक मुद्दा हमखास येतो: पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जाईल, म्हणून चांगले टायर पुढे हवेत. ही भीती खरी आहे, समृद्धीवरच्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवेमुळे, जास्त वजनामुळे, जुनाट रबरामुळे किंवा खड्ड्यात आतून मार बसल्यामुळे, आणि यातलं काहीही नव्या टायरला सुद्धा होऊ शकतं. शिवाय वेगात मागचा टायर गेला तर गाडी फिरायची शक्यता जास्त. ज्या जोडीवर फुटण्याची शंका आहे ती मागे ढकलून शंका मिटत नाही. ती काढूनच टाकायला हवी.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवणारे बरेच भेटतात. साचलेल्या पाण्यावर याचा उलटा परिणाम होतो. विमानांच्या चाकांसाठी नासाच्या संशोधकांनी बांधलेला एक ढोबळ हिशोब आहे: पाण्याच्या थरावर चाक ज्या वेगाला तरंगायला लागतं तो वेग हवेच्या दाबाबरोबर वाढतो. गुळगुळीत टायर आणि भरपूर पाणी धरून त्यात ३३ पीएसआय घातले तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास आकडा येतो, २५ घातले तर ८३. कारच्या टायरला हा आकडा तंतोतंत लावू नका, पण हवा कमी केली की धोका लवकर सुरू होतो एवढं त्यातून कळतं. पुढे जुनी जोडी ठेवणाऱ्याने तर हवेकडे दुर्लक्ष करूच नये.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर फरक फारसा पडत नाही. मागे नवी जोडी लावायची म्हणजे मागची पुढे आणावी लागते, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे थोडे पैसे जातात. पुढे आलेली जुनी जोडी भराभर झिजते; माझी नऊ-दहा हजार किलोमीटरमध्ये खुणेला आली. मग पुन्हा दोन नवीन मागे, मागचे पुढे. पण यात एक फायदा आहे जो मला आधी लक्षात आला नव्हता. नवे नेहमी पुढेच लावत राहिलं की मागचे टायर वर्षानुवर्षं तिथेच राहतात. नक्षी दिसायला छान, पण रबर टणक झालेलं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. एका नातेवाइकांच्या गाडीवरचे मागचे टायर मी वाकून पाहिले तर अंडाकृती चौकटीत २३१४ असे आकडे, म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. नव्वद टक्के नक्षी आहे म्हणून ते अजून तेच वापरत होते. मागून पुढे असं फिरवत राहिलं की कुठलाच टायर इतका म्हातारा होत नाही.

अर्थात तुमची गाडी फक्त शहरात, पन्नासच्या आत आणि सरळ रस्त्यांवर फिरत असेल तर पुढे-मागेचा फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल, आणि चढावर जागच्या जागी फिरणारं चाक रोज त्रास देत असेल तर पुढे लावणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. कायम चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर दोनच बदलण्याआधी कंपनीचं पुस्तक बघा, तिथे चारही टायर सारखे लागतात. आणि उरलेली जोडी अडीच मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर ती पुढेही नको आणि मागेही नको. थोडं थांबून, पैसे जुळवून चारही घ्या. पण वर्षातून चार वेळा जरी घाट उतरत असाल, त्यातही पावसात आणि घरच्यांना घेऊन, तर मी मागेच लावीन. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात, मिशलाँपासून ब्रिजस्टोनपर्यंत, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे असं सांगतात. मला ते कंपन्यांकडून कळायच्या आधी खंबाटकीने कळवलं.

दुकानात गेल्यावर हे जॅक लावायच्या आधी सांगा. रिमवर टायर चढून बॅलन्सिंग झालं की पुन्हा काढायला कारागीर नाखूश असतो आणि आपल्यालाही संकोच वाटतो. निघताना दाराच्या चौकटीवरचा तक्ता बघून हवा तपासा, कारण पुढची-मागची चाकं बदलली तरी हवा जुन्याच जागेची राहिलेली असते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा जायला तेवढे लागतात. मी पहिल्यांदा टायर घेतले त्याच संध्याकाळी घाटात गेलो होतो, तसं करू नका.